निष्ठा देणे आहे

मुलीसाठी स्थळ बघायला निघालेला मराठी माणूस पोलिसांना लाजवील अशा चौकशा करतो. मुलगा नोकरीत कायम आहे का, फ्लॅट स्वतःचा की बँकेचा, गावाकडे जमीन किती आणि तिच्यावर भाऊबंदकी किती, धाकट्या काकांचं नेमकं काय झालं होतं, मधली दोन वर्षं मुलगा बंगळुरात होता तेव्हा राहायला कोणाबरोबर होता, हे सगळं तपासून झालं तरी ‘घरी विचारून कळवतो’ म्हणत कांदेपोहे संपवून उठतो. हाच माणूस क्रिकेटचा संघ मात्र दहा सेकंदांत निवडतो. टीव्हीवर निळे कपडे दिसले, थोरल्या भावानं टाळी वाजवली, झालं ठरलं. त्यानंतर आयुष्यभर त्या संघापायी शेजाऱ्याशी अबोला धरायचा, हरल्यावर पानावरून उठायचं आणि संघाचे मालक कोण, पैसा कोणाचा, घर कुठलं, याची एका शब्दानं विचारपूस करायची नाही.

गणेश मंडळ, गोविंदा पथक, पेठेतली तालीम यांचंही तेच. आपल्या चौकातलं मंडळ सर्वांत जुनं आणि समोरच्या चौकातलं म्हणजे कालची पोरं, हे ज्ञान मराठी मुलाला बाराखडीच्या आधी होतं.

तेव्हा एकदा या साऱ्यांना समोर बसवून रीतसर चौकशी करायला हरकत नाही. प्रश्न चारच. राहायला कुठं? टिकणार का? वागणूक कशी? आणि उद्या काही बिनसलं तर बोलायचं कोणाशी?

पहिलं स्थळ मुंबई इंडियन्स. घर भरलेलं, समुद्राच्या बाजूला. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदं कपाटात. पण नावात मुंबई असली तरी मुंबईचे खेळाडू नेमके कुठं असतात, हे विचारलं की यजमान चहाचा विषय काढतात. मुंबईकर श्रेयस अय्यर २०२४ साली कोलकात्याला करंडक मिळवून देत होता आणि पुढच्या वर्षी पंजाबला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे मुंबई, राजस्थान, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई असं भारतदर्शन करून पुन्हा कोलकात्याला कर्णधार म्हणून पोचला. पुण्याचा ऋतुराज गायकवाड २०२४ पासून चेन्नईचा कर्णधार. आयपीएल ही स्पर्धा लिलावावर चालते आणि लिलावात गाव विकायला नसतं. पत्त्याच्या प्रश्नाला त्यामुळे अर्धेच गुण.

वागणुकीचा प्रश्न संघापेक्षा भक्तांनाच जास्त अडचणीचा. डिसेंबर २०२३ मध्ये रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्या कर्णधार झाला. गुजरातला एक विजेतेपद मिळवून देऊन तो मुंबईत परतला होता, पण भक्तांच्या लेखी तो घर फोडणारा ठरला. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर राजस्थानविरुद्धच्या सामन्यात तो नाणेफेकीला आला आणि स्वतःच्याच मैदानावर, स्वतःच्याच निळ्या शर्टातल्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. ती इतकी की, माइक हातात असलेल्या संजय मांजरेकरांना ‘जरा नीट वागा’ असं स्टेडियमला सांगावं लागलं. वर्गात गडबड करणाऱ्या पोरांना दटावतात तसं हजारो कमावत्या माणसांना दटावण्यात आलं. मोसम संपला तेव्हा मुंबई दहा संघांत दहावी होती.

मग २९ जून उजाडला. ब्रिजटाउनला टी-ट्वेन्टी विश्वचषकाचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात. पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमारनं सीमारेषेवर आत-बाहेर करत मिलरचा झेल घेतला आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. विजयी संघ वानखेडेत शिरला तेव्हा स्टेडियम घोष करत होतं, ‘हार्दिक, हार्दिक!’ स्टेडियम तेच, खुर्च्या त्याच आणि गळेही बहुतेक तेच. मधे तीन महिने गेले होते. सासुरवाडीसुद्धा जावयाला माफ करायला याहून जास्त वेळ घेते.

पुण्याचं प्रकरण वेगळं. पुणेकर सहजासहजी कोणाला चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी एखाद्या संघाला आपलं म्हणायला मन तयार करावं आणि नेमका त्याच सुमारास संघानं गाशा गुंडाळावा, असं या शहराच्या वाट्याला एकदा नव्हे, दोनदा आलं. २०११ मध्ये पुणे वॉरियर्स आले. तीन मोसम खेळले, तिन्ही तळाच्या आसपास काढले आणि मालक आणि क्रिकेट मंडळ यांच्यातल्या पैशांच्या वादात २०१३ मध्ये संपले. मैदान गहुंजेला, म्हणजे एक्स्प्रेस वेच्या काठी. पेठेतल्या माणसानं तिथं पोचेपर्यंत पहिली सहा षटकं झालेली असायची आणि निघताना गाडी कुठं लावली होती हे आठवेपर्यंत बक्षीस समारंभ उरकलेला असायचा.

२०१६ मध्ये दुसरं स्थळ सांगून आलं, रायझिंग पुणे सुपरजायंट्स. चेन्नई आणि राजस्थान हे दोन संघ सट्टेबाजीच्या प्रकरणात दोन वर्षं निलंबित झाले होते, त्यांच्या रिकाम्या जागी हे तात्पुरतं आलेलं. मालक कोलकात्याचे, कर्णधार रांचीचा धोनी. त्या वर्षी महाराष्ट्रात कडक दुष्काळ. मैदानावर पाणी मारण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि मे महिन्यातले उरलेले सामने राज्याबाहेर न्यावे लागले. पुण्याच्या संघाचं घर विशाखापट्टणमला हललं. पुढच्या वर्षी संघानं नावातला शेवटचा ‘स’ काढून टाकला आणि अक्षर गेल्यावर खरोखर नशीब फिरलं. संघ अंतिम फेरीत पोचला. समोर मुंबई, धावा हव्या १३०. पुण्यानं केल्या १२८. एका धावेनं करंडक गेला, पाठोपाठ दोन वर्षांची मुदत भरली म्हणून संघही गेला. काढलेल्या ‘स’चं पुढं काय झालं ते कोणी सांगितलं नाही.

गोष्ट इथंही संपत नाही. २०१८ मध्ये चेन्नईचा संघ निलंबन भोगून परतला आणि कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटल्यामुळे त्याचे घरचे सामने चक्क गहुंजेला हलवण्यात आले. पिवळे शर्ट घातलेले भक्त चेन्नईहून खास रेल्वेगाडीनं पुण्यात उतरले. एका राज्यातल्या पाण्यामुळे पुण्याचा संघ आंध्रात गेला आणि दुसऱ्या राज्यातल्या पाण्यामुळे चेन्नईचा संघ पुण्यात आला. त्या वर्षी चेन्नई विजेती ठरली. पुण्यात त्या रात्री फटाके वाजले असतील तर ते नेमके कोणत्या नात्यानं, हे सांगणं पुणेकरालाही जड जाईल. ‘टिकणार का?’ या प्रश्नाला शून्य. हुंडा परत मिळण्याची सोय नाही.

कोल्हापुरात संघ निवडावा लागतच नाही. तो जन्माच्या दाखल्याबरोबर येतो. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं ऐकून परगावच्या माणसाला वाटतं, कुस्तीगीरांची यादी चालू आहे. ते अगदीच खोटं नाही. यातल्या बहुतेक तालमी. अंगाला माती लावून घुमणाऱ्या पोरांच्या पायात फुटबॉल कधी आला ते तालमींनाही कळलं नाही, पण संस्थानकाळापासून तो तिथंच आहे. मोसम सुरू झाला की दुपारी छत्रपती शाहू स्टेडियमकडे पेठाच्या पेठा लोटतात. समर्थकांच्या जागा ठरलेल्या, मधे पोलीस.

तिथं बसलेला सत्तरीतला गृहस्थ कागदाच्या पुडीतलं भडंग चघळत जे बोलतो, ते कुठल्याही वाहिनीवर ऐकायला मिळणार नाही. समोर पोरानं गोल हुकवलेला असतो. म्हातारा उभा राहतो आणि ओरडतो, ‘तुझ्या बानं डोळं झाकून घातला असता रं!’ यात अतिशयोक्ती काही नसते, कारण त्या बापाचे सामने त्यानं याच पायऱ्यांवरून पाहिलेले असतात. पोरगा मान वर करून बघतो, कोण ओरडलं ते त्याला कळतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीच्या गाडीवर त्याच म्हाताऱ्यासमोर उभं राहून ‘बॉल पायात अडकला ओ, आण्णा’ असा खुलासा त्याला करावा लागतो. याच पेठांच्या गावातून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

अर्थात, हे स्थळ म्हणजे गुणांची खाण असं कोणी समजू नये. पेठांची ईर्षा मैदान संपलं तरी संपत नाही. हुल्लडबाजी होते, दगड उडतात, सामने थांबतात. मध्यंतरी पेठेची इभ्रत राखायला थेट आफ्रिकेतून खेळाडू आणण्यापर्यंत मजल गेली. नायजेरियाचा धिप्पाड गडी पेठेच्या नावानं खेळायचा आणि पेठेतली पोरं बाकावर बसायची. तरीही चौथ्या प्रश्नाला कोल्हापूरला पैकीच्या पैकी. बिनसलं तर बोलायचं कोणाशी? तालमीच्या कट्ट्यावर जायचं. तिथं सगळे भेटतात, नको असलेलेही.

दर चार वर्षांनी मात्र हेच चोखंदळ कोल्हापूर बुद्धी गहाण टाकतं. विश्वचषक आला की निम्म्या पेठा अर्जेंटिना होतात, उरलेल्या ब्राझील, आणि चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे इमारतीएवढे कटआउट चढतात. १८ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये अर्जेंटिनानं फ्रान्सला ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टीवर ४-२ असं हरवलं आणि पेठांत गुलाल उधळला. कोल्हापूर ते ब्युनॉस आयर्स हे अंतर जवळजवळ पंधरा हजार किलोमीटर. मेस्सीच्या बाचा खेळ कोणीही पाहिलेला नाही.

इथवर हसण्यासारखं आहे. मार्च २०२४ मध्ये हैदराबादनं मुंबईविरुद्ध २७७ धावा केल्या, त्या रात्री कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात लोक एकत्र सामना बघत बसले होते. रोहित बाद झाल्यावर चेन्नईच्या एका वयस्क चाहत्यानं आनंद केला, एवढ्यावरून मुंबईच्या चाहत्यांनी त्याला मारहाण केली. काही दिवसांनी तो माणूस गेला. मारणारे आणि मार खाणारा एकाच गावचे होते. चेन्नई त्या सामन्यात खेळतही नव्हती.

संघाला जाब विचारणं म्हणजे काय, याचा धडा शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईनं घालून दिलेला आहे. तेव्हा संघ धर्मावर होते. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांच्यात चौरंगी सामने व्हायचे, पुढं ‘इतर’ मिळून पंचरंगी झाले. हिंदू संघाचा सर्वांत धारदार गोलंदाज पळवणकर बाळू. पुण्याच्या क्लबात त्यानं मैदानाची कामं केली, साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकले. संघात घेतलं, पण जातीमुळे चहा मिळायचा तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात. बळी घेताना चेंडूचा विटाळ कोणाला झाला नाही.

१९२० साली कर्णधारपद पळवणकर भावंडांना डावलून दुसऱ्याला देण्यात आलं. बाळूचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी ‘मग आम्हीही खेळत नाही’ म्हणून सांगितलं. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, मैदानावर कुजबुज झाली आणि संघाच्या कारभाऱ्यांना नमतं घ्यावं लागलं. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि त्याच्या संघानं युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. ज्यांनी संघाला खडे बोल सुनावले त्यांनीच संघ जिंकवला. नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्या भरवशावर बाळूचा चहा बाहेरच राहिला असता. धर्माच्या नावावरचे ते सामने १९४६ मध्ये बंद झाले आणि त्यावाचून क्रिकेटचं काही अडलं नाही.

आता उत्सवांकडे. पुण्यात मानाचे गणपती पाच: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. दगडूशेठ पाचात नाही, तरी गर्दी तिथंच सर्वांत जास्त. मान आणि गर्दी या गोष्टी पुण्यात वेगवेगळ्या खात्यांत जमा होतात. मंडळांमधला सर्वांत जुना सामना मात्र मूर्तीवर, देखाव्यावर किंवा ढोलांवर नसून तारखेवर आहे. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू कोणी केला? शाळेच्या पुस्तकाचं उत्तर लोकमान्य टिळक, १८९३. भाऊसाहेब रंगारी मंडळ म्हणतं, आमचा १८९२ चा. २०१७ मध्ये महापालिकेनं सव्वाशेव्या वर्षाचा सोहळा ठरवला आणि हा वाद थेट न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेला. गंमत म्हणजे गुरुजी तालमीचा गणपती १८८७ पासूनचा सांगितला जातो, आणि तो हिंदू-मुसलमान तालीमबाजांनी मिळून बसवलेला. म्हणजे दोघं भांडत होते त्या तारखांच्या आधीच तिसरा शांतपणे मोदक खात बसलेला.

विसर्जन मिरवणूक अलीकडे तीस तासांच्या आसपास चालते. मिरवणूक आटोपशीर हवी, असं पुण्यातला प्रत्येक माणूस म्हणतो. फक्त आपलं मंडळ लक्ष्मी रस्त्यावरून जाईपर्यंत तिनं थोडा दम धरावा, एवढीच त्याची अपेक्षा असते.

मुंबईत लालबागचा राजा १९३४ चा आणि शेजारच्या गणेश गल्लीचा मुंबईचा राजा १९२८ चा. एका पट्ट्यात दोन राजे. तरी लोकशाही टिकून आहे ती मुंबईकरांना रांगेची सवय असल्यामुळे. नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि ज्यांना रांगच लागत नाही त्या बड्यांचं दार वेगळं. २०२५ मध्ये राजाला समुद्रात नेण्यासाठी नवा, यंत्रावर चालणारा तराफा आणला. गिरगाव चौपाटीवर भरती-ओहोटीचं गणित चुकलं, मूर्ती पाण्यात आणि तराफा हट्टाला पेटलेला. ६ सप्टेंबरला दुपारी निघालेल्या राजाचं विसर्जन ७ तारखेला रात्री नऊच्या सुमारास झालं. समुद्राचं वेळापत्रक ज्यांना तोंडपाठ असतं ते कोळीबांधव पिढ्यान्‌पिढ्या त्याच किनाऱ्यावर राहतात.

दहीहंडीचा हिशेब थरांत होतो. जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावले. २०२५ मध्ये ठाण्यातच कोकण नगर पथकानं दहा थर रचले आणि त्याच दिवशी जय जवाननंही दहा लावून दाखवले. सर्वांत वर जाणाऱ्या पोराचं वय किमान १४ असावं, हे २०१७ मध्ये न्यायालयात ठरलं. तोवर लाखांच्या बक्षिसाखाली उभ्या असलेल्या आयोजकांना ते सुचलं नव्हतं. भक्ती नेमकी कोणाची करायची, हा प्रश्न इथं सोपा आहे. वर चढून हंडी फोडणारा फोटोत येतो. खालच्या थरात मान मोडेस्तोवर उभ्या राहणाऱ्यांची नावं मंचावरून कोणी घेत नाही. गुण त्या खालच्यांना.

सगळी स्थळं पाहून झाली. निकाल असा: आयपीएलचा संघ करमणुकीसाठी चांगला. सामना बघावा, शर्ट हवा तर घ्यावा, पण त्याच्यासाठी शेजारी तोडू नये. तो संघ पुढच्या लिलावात कुठल्या चेहऱ्यानं येईल, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. मेस्सीवर प्रेम करावं, कटआउट मात्र रहदारीच्या आड येणार नाही असा लावावा. खरी निष्ठा द्यायची तर पेठेच्या तालमीला, चौकातल्या मंडळाला, गल्लीच्या पथकाला. ही स्थळं निर्दोष नाहीत. स्पीकरच्या भिंती आहेत, हुल्लड आहे, पावतीपुस्तकं आहेत. पण ती दारात येतात, आणि जो दारात येतो त्याला चार गोष्टी ऐकवता येतात.

तेव्हा पुढच्या वेळी पावतीपुस्तक घेऊन पोरं बेल वाजवतील तेव्हा वाचकांनी घरात नसल्याचं सोंग करू नये. दार उघडावं, वर्गणी द्यावी, पावती घ्यावी आणि मागच्या वर्षीचा हिशेब मागावा.